लेखणी घेताना आधी शाई पाहावी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. माझ्या थोरल्या अक्कांचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचे भुसार मालाचे दुकान त्या वेळी आठवडाभर पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर आम्ही सारे नातेवाईक मदतीला गेलो. कुजलेली पोती बाहेर काढली, चिखल उपसला आणि शेवटी कपाटातील वह्या गच्चीवर वाळत घातल्या. पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून एकेक पान सोडवण्याचे काम माझ्याकडे आले. बँकेत छत्तीस वर्षे कागदच हाताळले असल्याने ते काम मला जमेल, असा सर्वांचा समज होता.

त्या गच्चीवर मी जे पाहिले, त्यातून हा लेख आला आहे. दाजींच्या वडिलांच्या काळातील, १९६२ सालची एक खतावणी त्या कपाटात होती. तिची पाने तपकिरी पडली होती, कडा गळून गेल्या होत्या, पण अक्षर वाचता येत होते. १९९० नंतरच्या वह्या बॉलपेनने लिहिलेल्या होत्या; पाने चिकटली होती, तरी सुटलेल्या पानावरचा आकडा अन् आकडा शाबूत होता. आणि अगदी अलीकडची, चालू वर्षाची उधारीची वही उघडली, तेव्हा पानावर आकडेच नव्हते. होते ते फक्त निळसर डाग. ती वही माझ्या भाच्याने जेल पेनने लिहिलेली होती.

दाजी शांत स्वभावाचे आहेत. ते एवढेच म्हणाले, “साहेब, माल गेला त्याचं एवढं वाटत नाही. माल पुन्हा भरता येतो. पण कुणाकडं किती येणं आहे, हेच आता मला सांगता येत नाही.”

भाचा माझ्या शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. “मामा, पेन काही हलकं नव्हतं. साठ रुपयांचं होतं,” तो हळूच म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. पेन महाग होते, गुळगुळीत चालत होते, अक्षरही सुरेख उमटत होते. केवळ त्याची शाई पाण्यात टिकणारी नव्हती, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते. खरे तर ते सांगण्याचे काम माझ्यासारख्या माणसाचे होते.

आपण व्यापारी घराण्यातील माणसे. माल घेताना दाणा हातावर घेऊन पाहतो, सोने कसाला लावतो, कापड बोटांत चुरगाळून पाहतो. मात्र ज्या वस्तूने आपले येणे-देणे लिहिले जाते, ती वस्तू काउंटरवरच्या डब्यातून जी हाताला येईल ती उचलतो. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की, पेन निवडताना दांडीचा रंग, पकड आणि किंमत यांच्या आधी शाई पाहावी; आणि शाई निवडताना तो कागद किती वर्षे टिकायला हवा, हे आधी ठरवावे.

पूर्वजांना शाईचे मोल ठाऊक होते

माझ्या पिढीने टाक आणि दौत शाळेत वापरली आहे. शाईची पुडी किंवा वडी आणायची, बाटलीत पाणी घालून घोळवायची आणि बोटे निळी करून घ्यायची, हा जूनमधला ठरलेला कार्यक्रम असे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईच्या पुड्या आणि वड्या बनवण्यास प्रारंभ केला; पुढे त्यातूनच ‘कॅम्लिन’ हे नाव घराघरांत पोचले. आंध्रातील राजमहेंद्री येथे स्वदेशी चळवळीच्या प्रेरणेने रत्नम पेनांचा कारखाना उभा राहिला. लेखणी आणि शाई आपल्या देशात बनावी, ही त्या काळी देशसेवा मानली जात होती.

त्याहीपूर्वीची परंपरा तर आपल्या ग्रंथभांडारांत आजही पाहावयास मिळते. जैसलमेर आणि पाटण येथील भांडारांत आठ-नऊशे वर्षांपूर्वीची ताडपत्रे आहेत आणि त्यांवरील काळे अक्षर अजून काळेच आहे. त्यामागचे कारण साधे आहे. ती शाई दिव्याच्या काजळीपासून, म्हणजेच शुद्ध कार्बनपासून बनवलेली होती. काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून घोटून ती सिद्ध करीत. कार्बनचा रंग उन्हाने उडत नाही आणि हवेने बदलत नाही. श्रुतपंचमीला अथवा ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांचे पूजन करतो, दिवाळीत वहीपूजन करतो. त्या पूजनामागे हा घोटण्याचा धीर आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरी जुनी शाई होती लोहयुक्त. हिरडा किंवा माजूफळ यांतील तुरट द्रव्य आणि हिराकस यांच्या संयोगातून ती बनत असे. लिहिताना ती फिकी दिसते, हवा लागली की काळपट होते आणि कागदाच्या तंतूंना घट्ट धरून बसते. जुन्या निळ्या-काळ्या शाया बहुधा या जातीच्या असत. हिराकसाचे प्रमाण अधिक झाले तर हीच शाई शतका-दोन शतकांत कागद खाऊ लागते, हा तिचा दोष. पण पाण्याने ती सहजासहजी जात नाही, हा गुण. दाजींच्या वडिलांची १९६२ सालची खतावणी पुरातून वाचली, ती बहुधा याच गुणामुळे. हल्ली ‘ब्लू-ब्लॅक’ म्हणून मिळणारी प्रत्येक शाई तशी असेलच असे नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

चार प्रकारची पेने आणि त्यांचे स्वभाव

बाजारात पेनांची नावे शेकड्यांनी आहेत, पण शाईच्या दृष्टीने पाहिले तर रोजच्या वापरातले प्रकार चारच आहेत.

पहिला प्रकार शाईपेनाचा. त्याची शाई पाण्यासारखी पातळ असते आणि निबेच्या चिरेतून आपोआप कागदावर उतरते. त्यामुळे हातावर जोर द्यावा लागत नाही, अक्षराला वळण येते आणि तासभर लिहूनही बोटे दुखत नाहीत. मात्र शाळेसाठी मिळणारी निळी शाई बहुतेक वेळा धुता येईल अशीच बनवलेली असते. गणवेशाच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, पण खतावणीच्या दृष्टीने नव्हे. शिवाय हलक्या कागदावर ही शाई फुटते आणि पाठीमागे उमटते. पत्रे, दैनंदिनी, स्वाध्यायाची टिपणे यांसाठी शाईपेनासारखे सुख नाही. हिशेबासाठी ते वापरावयाचे असेल, तर पाण्यात न विरघळणारी शाई मागून घ्यावी.

दुसरा प्रकार बॉलपेनचा. हंगेरीतील पत्रकार लास्लो बिरो यांनी पाहिले की, छापखान्याची दाट शाई चटकन वाळते आणि पसरत नाही. तशी शाई पेनात भरावी असे त्यांच्या मनात आले. रसायनांची जाण असलेल्या आपल्या भावाच्या साहाय्याने त्यांनी प्रयोग केले आणि १९३८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे १९५० साली फ्रान्समध्ये मार्सेल बिक यांनी ते स्वस्त करून सामान्यांच्या हाती दिले. या पेनाच्या टोकाशी अत्यंत कठीण धातुमिश्रणाची सूक्ष्म गोळी असते. ती कागदावर फिरते आणि आतील तेलकट शाई आपल्या अंगावर घेऊन बाहेर आणते. शाई तेलात कालवलेली असल्याने ती पाण्यात विरघळत नाही. दाजींच्या १९९० नंतरच्या वह्या वाचल्या त्या यामुळेच. आपल्यापैकी अनेकांना पांढऱ्या दांडीचे आणि निळ्या टोपणाचे रेनॉल्ड्स ०४५ आठवत असेल. ते पेन देखणे नव्हते, पण त्याने लिहिलेला कागद विश्वासू होता.

आमच्या शाळेत गुरुजी बॉलपेन हाती दिसले की काढून घेत. अक्षर बिघडते, असे त्यांचे म्हणणे. ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. बॉलपेनला दाब द्यावा लागतो आणि दाब देणारा हात आखडतो. पण व्यापाऱ्याला या दाबाचाच उपयोग आहे. कार्बन घातलेल्या बिलबुकात दुसरी आणि तिसरी प्रत स्पष्ट उमटवायची असेल, तर बॉलपेनच हवे. जेल पेनने लिहिलेल्या बिलाची खालची प्रत कोरी राहिल्याचे आपण सर्वांनी अनुभवले असेल.

तिसरा प्रकार जेल पेनचा. १९८४ च्या सुमारास जपानमधील साकुरा या कंपनीने जेलच्या शाईचे पेन प्रथम बाजारात आणले. ही शाई पाण्यावर आधारलेली, पण घट्ट केलेली असते. गोळी फिरली की ती पातळ होते, थांबली की पुन्हा दाट. म्हणून हे पेन हलक्या हाताने, गडद आणि ठसठशीत लिहिते. याचे दोन पोटभेद लक्षात ठेवावेत. एकात रंग पाण्यात विरघळलेला असतो. तो पाणी लागताच वाहतो. दुसऱ्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात, ज्यांना इंग्रजीत पिगमेंट म्हणतात. ते कागदाच्या तंतूंत अडकतात आणि वाळल्यावर पाण्याला व उन्हाला चांगले तोंड देतात. दोन्ही पेने दिसायला सारखी, चालायला सारखी. वेष्टनावर ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘पिगमेंट’ असे छापले असेल तरच भेद कळतो. माझ्या भाच्याच्या पेनावर असे काही छापलेले नव्हते. रोलरबॉल म्हणून जे पेन मिळते, तेही याच कुळातले. त्याची शाई अधिक पातळ असते आणि अधिक पसरते.

चौथा प्रकार सर्वांत नवा आणि आपल्या दृष्टीने सर्वांत जपून वापरावयाचा. तो म्हणजे घासून पुसता येणाऱ्या शाईचे पेन. त्याविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण त्या शाईने माझ्या नोकरीतील एक दिवस कायमचा काळा केला.

ज्या धनादेशावर मी शिक्का मारला

२०१४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. कापडाचे लहानसे दुकान चालवणारे एक गृहस्थ आमचे जुने खातेदार होते. त्यांना दुकान वाढवण्यासाठी कर्ज हवे होते. एक तरुण त्यांच्या दुकानात आला आणि एका वित्तसंस्थेचा प्रतिनिधी असल्याचे त्याने सांगितले. अर्जासोबत एक रद्द केलेला धनादेश लागेल, असे म्हणून त्याने तो स्वतःच्या पेनाने भरला, त्यावर आडवे ‘कॅन्सल्ड’ असे लिहिले आणि ‘सही जुळवण्यासाठी’ म्हणून या गृहस्थांची सही मागितली. त्यांनी खिशातले आपले बॉलपेन काढून सही केली.

दोन दिवसांनी तो धनादेश आमच्या काउंटरवर रोख रकमेसाठी आला. रक्कम ४८,००० रुपये. त्यावर ‘कॅन्सल्ड’ हा शब्द नव्हता. नाव निराळे होते. अक्षरे स्पष्ट, कोठेही खाडाखोड नाही. सही मी नमुन्याशी ताडून पाहिली. ती तंतोतंत जुळली, कारण ती खरीच होती. मी धनादेश मंजूर केला.

खातेदार पासबुक घेऊन आले तेव्हा आम्ही तो धनादेश पुन्हा बाहेर काढला. उजेडात तिरपा धरल्यावर कागदावर दाबाचे वळ दिसले आणि त्यांत ‘कॅन्सल्ड’ हा शब्द वाचता आला. मी तो वाचला, पण पैसे निघून गेल्यावर. पोलिसांत तक्रार झाली. त्या तरुणाचा फोन बंद होता. माझी बदली होईपर्यंत रक्कम परत आलेली नव्हती. ते गृहस्थ मला एकदाही वाईट बोलले नाहीत, आणि त्यामुळेच ती गोष्ट मला अधिक लागून राहिली.

त्या शाईची रीत अशी आहे. तिच्यातील रंगद्रव्य उष्णतेने अदृश्य होते. सुमारे ६० अंश सेल्सियस तापमान मिळाले की रंग जातो. पेनाच्या टोकाच्या रबराने घासल्यावर घर्षणाने तेवढी उष्णता सहज निर्माण होते. कागद खरवडला जात नाही, म्हणून खाडाखोडही दिसत नाही. गंमत म्हणजे हीच अक्षरे शून्याखाली दहा-वीस अंशांच्या थंडीत पुन्हा उमटू लागतात. २००६ च्या सुमारास ही पेने जपानी कंपनीने बाजारात आणली, ती विद्यार्थ्यांच्या आणि आराखडे काढणाऱ्यांच्या सोयीसाठी. त्या उपयोगासाठी ती उत्तमच आहेत. दोष वस्तूचा नाही. ती चुकीच्या कागदावर आली हा दोष आहे. पण लक्षात घ्या, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अशा पेनाने लिहिलेली वही राहिली, तर कोणी न घासताही पाने कोरी होऊ शकतात.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ च्या कलम ८७ प्रमाणे धनादेशात महत्त्वाचा फेरफार झाला तर तो निरर्थक ठरतो. परंतु कलम ८९ असेही सांगते की, फेरफार वरून दिसत नसेल आणि बँकेने रीतीप्रमाणे पैसे दिले असतील, तर बँकेची जबाबदारी संपते. थोडक्यात, न दिसणाऱ्या फेरफाराचा भार बहुधा खातेदारावरच येतो.

म्हणून काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. धनादेश नेहमी आपल्याच पेनाने आणि संपूर्ण आपल्याच हाताने भरावा; दुसऱ्याने पुढे केलेले पेन नम्रपणे नाकारावे. त्यात अपमान कोणाचाही नाही. रद्द केलेला धनादेश द्यावयाचा असेल तर दोन आडव्या रेघा आणि ‘रद्द’ हा शब्द आपल्या बॉलपेनने, दाब देऊन, रक्कम व सहीच्या जागेवरून जाईल असा लिहावा. खालचे यांत्रिक आकडे तेवढे मोकळे सोडावेत. त्यावर सही करण्याची सर्वसाधारणपणे गरज नसते. रक्कम अक्षरी लिहिताना डाव्या कडेपासून आरंभ करावा, शेवटी ‘मात्र’ लिहून उरलेल्या जागेवर रेघ मारावी.

रंगाविषयी अनेक अफवा फिरतात. रिझर्व्ह बँकेने धनादेशासाठी शाईचा कोणताही एक रंग ठरवून दिलेला नाही. मात्र आता धनादेश वसुलीसाठी स्वतः प्रवास करीत नाही, त्याची प्रतिमा जाते. आणि ती प्रतिमा करड्या व काळ्या-पांढऱ्या छटांत असते. फिकट हिरवी किंवा गुलाबी शाई तेथे पुसट दिसते. म्हणून गडद निळी किंवा काळी, न पुसली जाणारी शाई हीच योग्य. या पद्धतीत तारखेच्या नूतनीकरणाखेरीज धनादेशावर कोणतीही दुरुस्ती चालत नाही. चूक झाली तर नवा धनादेश लिहावा. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये व त्यावरील धनादेशांसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे. धनादेशाचा तपशील आधीच बँकेला कळवला की तो ताडून पाहिला जातो. ही सोय २०१४ साली असती तरी ४८,००० चा तो धनादेश तिच्या मर्यादेखालून निसटला असता. ठकवणाऱ्याला आकडे ठाऊक असतात.

हात कोणाचा आहे, तेही पाहावे

शाई ठरल्यानंतर हाताचा विचार करावा. घरात एकच पेन सर्वांना चालत नाही.

वयस्कर माणसांची बोटे बारीक दांडी नीट धरू शकत नाहीत. त्यांना जाड, रबरी पकडीची दांडी आणि १.० मिलिमीटरची गोळी द्यावी. रेघ ठळक उमटते आणि जोर कमी लागतो. हल्ली कमी दाट तेलकट शाईची बॉलपेने मिळतात. ती जेलसारखी हलकी चालतात आणि तेलकट शाईचा टिकाऊपणाही राखतात. ज्येष्ठांसाठी ती फार सोयीची आहेत. सहीसाठी शक्यतो एकाच जातीचे पेन कायम ठेवावे. बॉलपेनची सही आणि शाईपेनची सही यांची रेघ निराळी दिसते, त्यात हाताला कंप असेल तर फरक आणखी वाढतो. ज्यांची सही वयोमानाने बदलली आहे, त्यांनी बँकेत जाऊन नवा नमुना देऊन ठेवावा. हे काम टाळू नये. रुग्णालयाचे बिल भरायच्या दिवशी सही न जुळल्याने झालेली धावपळ मी अनेक कुटुंबांत पाहिली आहे.

मुलांना अक्षर घडवण्याच्या वयात शाईपेन द्यावे, म्हणजे हात मोकळा राहतो. मोठ्या परीक्षांसाठी मात्र त्यांच्या सवयीचे पेन हवे. परीक्षेच्या दिवशी नवे पेन भेट देण्याची प्रेमळ पद्धत आपल्याकडे आहे. ते पेन निकालानंतर द्यावे. यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकांवर बहुधा बॉलपेनच मागितले जाते, त्याचाही सराव हवा. लहान मुलांच्या पेनाचे टोपण छिद्र असलेले पाहून घ्यावे. ते छिद्र शोभेसाठी नाही. चुकून टोपण घशात अडकले तरी श्वासाला वाट राहावी म्हणून ते ठेवलेले असते.

दुकानात आणि घरी करावयाच्या परीक्षा

पेन घेताना आपली नेहमीची वही किंवा बिलबुकाचे एक पान सोबत न्यावे. दुकानदाराच्या गुळगुळीत कागदावर प्रत्येक पेन चांगलेच चालते. दोन ओळी आणि दहा आकडे लिहून पाहावेत. विशेषतः ३, ८ आणि ० हे आकडे भरून तर येत नाहीत ना, हे तपासावे. शाई फुटणाऱ्या पेनाने लिहिलेला ३ आणि ८ यांत पुढे वाद होतात. खतावणीच्या अरुंद रकान्यांसाठी ०.५ किंवा ०.७ मिलिमीटर ठीक. कार्बनच्या प्रतींसाठी ०.७ च्या वर असावे.

घरी आणल्यावर तीन परीक्षा कराव्यात. लिहून एक दिवस वाळू द्यावे आणि त्यावर पाण्याचे चार थेंब सोडावेत. दुसऱ्या कागदावर लिहून अर्धा भाग झाकून तो खिडकीत महिनाभर उन्हात ठेवावा. उघडा भाग किती उडाला ते कळते. तिसऱ्या कागदावर लिहून खोडरबराने जोरात घासावे, अथवा मागून कोमट इस्त्री फिरवावी. अक्षर गेले तर ते पेन दुकानातून बाहेर काढावे. या तिन्ही परीक्षांना मिळून दहा रुपयांचाही खर्च येत नाही.

उधळपट्टीचाही विचार करावा. साधे बॉलपेन दोन-तीन किलोमीटर लांबीची रेघ लिहिते. जेल पेन त्या मानाने बरेच लवकर संपते. जे पेन संपल्यावर रिफिल मिळते, ते घ्यावे. अपरिग्रहाची भाषा आपण मोठ्या गोष्टींबद्दल करतो. ड्रॉवरमध्ये साचलेली वीस अर्धवट पेनेही परिग्रहच आहेत. बॉलपेन टोक खाली करून उभे ठेवावे, शाईपेन मात्र निब वर करून.

आणखी एक सूचना व्यापाऱ्यांसाठी. हल्ली पुष्कळ पावत्या उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर येतात. त्यांवरचा मजकूर काही महिन्यांत फिका पडतो. वस्तू व सेवा कर कायद्याखाली हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. अशा पावतीची छायाप्रत काढावी आणि तिच्यावर तारीख व रक्कम आपल्या बॉलपेनने लिहून ठेवावी.

एकूण काय, तर घरात तीन पेने पुरेत. धनादेश, करार, खतावणी आणि सही यांसाठी टिकाऊ शाईचे एक बॉलपेन, जे दुसऱ्या कशालाही वापरायचे नाही. रोजच्या टिपणांसाठी हाताला आवडेल ते जेल किंवा शाईपेन. कच्च्या हिशेबाला पेन्सिल. पुसता येणारी शाई विद्यार्थ्याच्या दप्तरात राहू द्यावी. गल्ल्यावर तिला जागा नाही.

दाजींच्या त्या वहीचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. पाने वाळल्यावर दाजींनी गिऱ्हाइकांना निरोप पाठवला की, वही भिजली आहे, तुमच्या आठवणीप्रमाणे आकडा सांगा. बहुतेकांनी स्वतः येऊन आकडा सांगितला. काहींनी पूर ओसरून स्वतःचे घर सावरण्याआधी सांगितला. काही जण आले नाहीत. दाजींनी त्यांच्याकडे मागणी केली नाही. “लिहिलेलं दाखवता येत नाही, तर मागायचं कोणत्या तोंडानं?” असे ते म्हणाले. किती रक्कम बुडाली हे त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाला मी सांगलीला गेलो होतो. भाच्याने नवी वही पाटावर ठेवली, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि खिशातून एक साधे निळे बॉलपेन काढून पहिल्या पानावर तारीख घातली. मग बोट पाण्यात बुडवून त्या तारखेवरून फिरवले आणि माझ्याकडे पाहिले. तारीख जशीच्या तशी होती.